वसईच्या आईला घेऊन लिस्बन: चार रात्रींचा हिशेब

२०२४च्या एप्रिलमध्ये आई वसईहून आमच्याकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आली. ट्युलिप बघून झाले, पवनचक्क्या झाल्या, माझ्या घरातले डबे घासूनपुसून नव्याने लावून झाले. मला रजा मिळत होती जेमतेम चार दिवसांची. नवरा म्हणाला, "पोरांचं मी बघतो, तुम्ही दोघी कुठेतरी जाऊन या." मग प्रश्न आला, कुठे?

हा प्रश्न मला इथल्या मराठी मैत्रिणी सारख्या विचारतात, म्हणून आम्ही कसं ठरवलं ते आधी सांगते. यादीत चार शहरं होती: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि लिस्बन. पहिली दोन मी पाहिलेली. व्हिएन्ना गुडघेदुखीच्या माणसासाठी सोन्यासारखं शहर आहे. मधला भाग सपाट, मेट्रो स्टेशनांना लिफ्ट, ट्राम वेळेवर. पण तिथे राजवाडे आणि चित्रांची दालनं हेच मुख्य, आणि आई दुसऱ्या राजवाड्यात "मी इथे बाकावर बसते, तू बघून ये" म्हणणार हे मला पक्कं माहीत होतं. प्राग सुंदरच, पण चार्ल्स पुलावर दुपारी माणसाला माणूस घासत असतो. बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहाचे फोटो दाखवले तर आई म्हणाली, "गरम पाण्यात बसायला एवढ्या लांब कशाला जायचं बाय? आपली वज्रेश्वरी आहे की."

लिस्बनचं नाव काढलं तेव्हा मात्र तिने हातातलं भरतकाम खाली ठेवलं. "म्हणजे आपला किल्ला बांधला ते लोक?"

हो, तेच लोक. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत दोनशे वर्षं त्यांच्याकडे होती. आमचं बालपण त्या पडक्या कमानींखाली गेलं. शाळेची सहल किल्ल्यात, पाहुणे आले की किल्ल्यात. ठरलं.

माझं मत या प्रवासाने पक्कं झालं. हातात दहा दिवस असतील तर शहर कुठलंही घ्या, ते हळूहळू ओळखीचं होतं. तीन-चार दिवसांसाठी मात्र असं शहर निवडा ज्याच्याशी तुमचा आधीपासूनचा एखादा धागा आहे, मग तो खाण्याचा असो, इतिहासाचा, फुटबॉलचा किंवा गाण्याचा. त्यानंतर दोन गोष्टी तपासा. एक, घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत किती तास लागतात. विमानाचा वेळ बघू नका, तो फसवा असतो. स्वस्त तिकिटांवर 'पॅरिस' म्हणून खपणारा बोव्हे विमानतळ शहरापासून ऐंशी किलोमीटरच्या पुढे आहे, आणि फ्रांकफुर्टच्या नावाचा हान तर सव्वाशेच्या आसपास. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि तिथूनच मेट्रोची लाल लाइन सुटते. आम्हाला सरळ विमान मिळालं, तीन तासांचं. शिवाय लिस्बनचं घड्याळ नेदरलँड्सच्या एक तास मागे, म्हणजे जाताना एक तास फुकट. दुपारी जेवून निघालो आणि संध्याकाळच्या उजेडात खोलीवर पोचलो. दुसरी गोष्ट, चढ. त्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण तिथेच मी चुकता चुकता वाचले.

लिस्बन टेकड्यांवर वसलेलं आहे आणि फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या बारीक चौकोनी दगडांचे. दिसायला रांगोळीसारखे, पण शंभर वर्षं पावलं पडून इतके गुळगुळीत झालेत की थोडा शिडकावा झाला तरी पाय सटकतो. पहिल्याच संध्याकाळी आईचा पाय घसरला. मी दंड धरून होते म्हणून निभावलं. रबरी तळव्याचे बूट न्या, चपला-सँडल बॅगेतच राहू द्या.

राहायची जागा अल्फामा या जुन्या वस्तीत घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. जुन्या गल्ल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, फादू या तिथल्या विरहगीतांच्या मैफिली. बरोबर तरुण मंडळी असतील तर जरूर घ्या. म्हातारं माणूस किंवा बाबागाडी असेल तर नको, तिथे गल्ली म्हणजे जिनाच. आम्ही आंजूश मेट्रो स्टेशनाजवळ राहिलो. तिथला हमरस्ता बराच सपाट, दुकानं साधी, नेहमीच्या लोकांची, आणि हिरव्या लाइनवरून थेट शहराच्या मध्यात. विमानतळावरून येताना आलामेदाला गाडी बदलायची, बस्स. खोली मात्र मनस्ताप देऊन गेली. जाहिरातीत लिफ्ट लिहिलेली होती. प्रत्यक्षात लिफ्टच्या दारावर चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीचा कागद पिवळा पडलेला. म्हणजे ती काही काल बंद पडली नव्हती. तिसरा मजला. मालकाला फोन केला तर तो म्हणाला, दुरुस्तीवाला येणार आहे. आम्ही निघेपर्यंत कुणी आलं नाही. मी तक्रार केली, थोडे पैसे परत मिळाले, पण आईच्या गुडघ्यांना ते रोजचे जिने चढावेच लागले. तेव्हा लिफ्ट हवी असेल तर निघायच्या आदल्या दिवशी मालकाला विचारा, "आज चालू आहे का?" आणि उत्तर लेखी घ्या.

चढ टाळायच्या दोन युक्त्या मला एका स्थानिक बाईने सांगितल्या आणि त्यांनी आमचा प्रवास तारला. पहिली: बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात खालच्या बायशाच्या बाजूने शिरायचं आणि आतल्या लांबलचक सरकत्या जिन्यांनी वर शियादूच्या चौकात निघायचं. तिकीटही लागत नाही. सांता जुश्ता हा १९०२चा लोखंडी लिफ्टचा मनोरा पर्यटक तासभर रांग लावून चढत होते. वर जाऊन पोचत होते साधारण त्याच टेकडीवर. दुसरी: लिस्बनच्या किल्ल्याकडे जायला रुआ दुश फांकैरुशवर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. वर निघालात की थोडं चालून एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. नाहीतर प्रासा दा फिगेयरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस थेट किल्ल्याच्या दाराशी सोडते. प्रसिद्ध पिवळी २८ नंबरची ट्राम आम्ही सोडून दिली. दोन गाड्या खच्चून भरून गेल्या, आत लोकांनी पाकिटं छातीशी धरलेली. विरारची लोकल ज्याने केली आहे त्याने सुट्टीत पुन्हा तेच का करावं?

आता पंचवीस एप्रिल. तारीख मी मुद्दाम निवडली होती असं म्हणण्याचा मोह होतो, पण खरं तर रजा जुळली म्हणून ती मिळाली. १९७४ साली याच तारखेला पोर्तुगालच्या सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. मध्यरात्रीनंतर रेडिओवर ठरलेलं गाणं वाजलं, तोच इशारा. सकाळी रणगाडे शहरात आले आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांमध्ये लाल कार्नेशनची फुलं खोवली. पहिलं फूल देणारी म्हणून सेलेश्त काएइरू हिचं नाव घेतात. ती एका हॉटेलात कामाला होती. हॉटेलाचा वाढदिवस म्हणून फुलं आणली होती, पण गडबडीमुळे हॉटेल उघडलंच नाही आणि मालकाने फुलं घरी न्यायला सांगितली. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. ती नव्हती, म्हणून तिने फूल दिलं.

२०२४ म्हणजे बरोबर पन्नासावं वर्ष. दुपारी मार्केश द पोंबाल चौकातून निघालेली मिरवणूक आव्हेनिदा दा लिबेरदादवरून खाली उतरत होती आणि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. आजोबा, कॉलेजची मुलं, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं, सगळ्यांच्या हातात फूल. आई झाडाखालच्या बाकावर बसली होती. शेजारी तिच्याच वयाची एक बाई होती, मांडीवर फुलांची जुडी. भाषा दोघींना एकमेकींची येत नाही. त्या बाईने एक फूल काढलं, देठ नखाने खुडून आखूड केला आणि आईच्या स्वेटरच्या काजात घातला. नीट बसेना, तेव्हा आईने ओढणीची सेफ्टी पिन काढून दिली. दोघींनी मिळून ते फूल लावलं.

मी आईला म्हटलं, "आई, याच राजवटीने गोवा सोडायला नकार दिला होता." आई म्हणाली, "मला माहीत आहे. मोहन रानड्यांना इथेच ठेवलं होतं ना?"

माझे आजोबा वसईत प्राथमिक शिक्षक होते. रोज संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मास्तर म्हणून गेले, सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला, तरी रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. सुटले ते १९६९च्या जानेवारीत. आई तेव्हा तेरा वर्षांची होती. आजोबांनी ती बातमी वाचताना चष्मा काढून डोळे पुसले, एवढं तिला आठवतं.

मला हे काहीच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांची मुलगी मी, आणि आजोबांची ही गोष्ट मला लिस्बनच्या बाकावर कळली.

म्हणून शनिवारचा बेत बदलला. सिंत्राला जाऊन महाल बघणार होतो, त्याऐवजी काइश दु सोद्रे स्टेशनावरून काश्काइशची गाडी धरली. ही लोकल नदीच्या आणि मग समुद्राच्या कडेकडेने जाते. जाताना डाव्या खिडकीशी बसा. वाटेत काशीयश नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात रानड्यांना ठेवलं होतं, आणि १९७४च्या क्रांतीनंतर दोन दिवसांतच तिथले राजकीय कैदी सोडले गेले. गाडी तिथे जेमतेम मिनिटभर थांबली. आईने खिडकीतून पाटी बघितली, हात जोडले आणि गाडी सुटेपर्यंत तसेच ठेवले. समोरच्या बाकावरच्या मुलाने कानातले इयरफोन काढले आणि तोही बाहेर बघू लागला, काय आहे म्हणून.

इतिहासात रस असेल तर कॅथिड्रलजवळचं अल्जूब संग्रहालय बघा. राजकीय कैद्यांचा जुना तुरुंग, आता तिथे त्या काळाची कागदपत्रं आणि कोठड्या आहेत. आणि कार्मु मठ. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. उघड्या आभाळाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत. आई आत शिरली आणि म्हणाली, "हे तर आपल्या किल्ल्यातल्या चर्चसारखंच आहे. फक्त इथे गवत कापलेलं आहे." तिच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडं दुःखही. मलाही तसंच वाटलं. आपल्याकडच्या त्या भिंतींवर वडाची मुळं चढलेली आहेत, त्यांचं कुणी काही करत नाही.

बेलेंला शुक्रवारी गेलो, १५ नंबरच्या ट्रामने. जेरोनिमूश मठाच्या दगडात जहाजाचे दोर कोरलेत, गाठींसकट. हा मठ आफ्रिकेच्या आणि पूर्वेच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून बांधला गेला, म्हणजे आपल्याकडच्या व्यापाराचाही त्यात वाटा आहे. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची कबर. १४९८ला कालिकतला उतरला, १५२४ला कोचीत मेला, पुढे अवशेष इकडे आणले. आई तिथे क्षणभर थांबली आणि काही न बोलता पुढे गेली. सोमवारी मठ बंद असतो, लक्षात ठेवा.

मठाजवळचं पाश्तेइश द बेलें हे १८३७ पासूनचं दुकान. बाहेरची रांग पार्सलची असते, ती बघून परत फिरू नका. आत निळ्या फरशांच्या मोठमोठ्या खोल्या आहेत, तिथे टेबल पटकन मिळतं. खारीसारख्या पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं गोड कस्टर्ड, वर भट्टीचे काळे डाग. गरम असतानाच दालचिनीची पूड भुरभुरायची. आईने दोन खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधला. दहापैकी दहा.

बाकी खाण्याचं सांगायचं तर आमच्याकडे गुरुवारी आणि शनिवारी मासे चालत नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजू तपासून झाल्या. शाकाहारी माणसाचं अडत नाही, पण विचारावं लागतं. काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप सगळीकडे मिळतं, पण वर डुकराच्या सॉसेजची चकती असते. "सें शोरीसु" म्हणा, न घालता देतात. भाज्यांचं साधं सूप स्वस्त आणि पोटभर. मार्तिं मोनीझ चौकाच्या आसपास कढीपत्ता, हिरवी मिरची, तूरडाळ सगळं मिळतं. शनिवारी रात्री आईने खोलीवर वरणभात केला. शहराच्या उत्तरेला हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिक आणि दीवहून आलेल्या गुजराती कुटुंबांचं. तिथल्या खानावळीत शाकाहारी जेवण असतं. वेळा आधी विचारून जा. हॉटेलात बसल्या बसल्या टेबलावर पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात ते फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. बायशातल्या एका हॉटेलात आम्हाला हे माहीत नव्हतं, आणि बिलात पावाचे पैसे सुपाइतके लागले. दारात उभं राहून हाका मारणाऱ्या हॉटेलात बसूच नका.

सगळ्यात जास्त मजा आली ती मात्र आंजूशच्या साध्या सुपरमार्केटमध्ये. आई पाट्या वाचत होती. बताता. काजू. अननाश. कोबीजवळ कोव्ह. "अगं, हे मराठीच लिहिलंय!" शब्द त्यांच्याकडून आपल्याकडे आले हे मी शाळेत शिकले होते, पण बटाट्याच्या ढिगावर 'बटाटा' लिहिलेलं बघणं वेगळंच. गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या बनवणाऱ्याचं खोपट्याएवढं दुकान होतं, पाटीवर 'शाव्ह'. चावी. गल्ल्यावर लिहिलेलं 'पगार'. आईने मला कोपराने ढोसलं, "पगार इथे मिळतो वाटतं." तिकडे पगार म्हणजे पैसे भरणं. चार दिवस ती वहीत शब्द लिहीत होती. परत आल्यावर मोजले तर सतरा भरले.

कुणी लिस्बन घेऊ नये? ज्यांना व्हीलचेअर लागते त्यांनी, आणि ज्यांना चार दिवसांत ठळक ठळक दहा स्थळं उरकायची आहेत त्यांनी. त्यांनी व्हिएन्ना घ्यावं, मनापासून सांगते. जून ते ऑगस्ट गर्दी आणि ऊन दोन्ही वाढतं. एप्रिलच्या शेवटी दिवसा पातळ स्वेटर पुरला, नदीवरचा वारा मात्र संध्याकाळी बोचतो. रात्रीमागे शहराचा पर्यटन कर माणशी दोन युरो होता, पुढे त्याच सप्टेंबरपासून तो चार झाला. मेट्रो, ट्राम, बस आणि काश्काइशची गाडी यांना एकच कार्ड चालतं, त्यात पैसे भरून ठेवायचे. ट्राममध्ये ड्रायव्हरकडे तिकीट काढलं तर महाग पडतं.

आणि रुआ दु आर्सेनाल. नदीजवळच्या या रस्त्यावर बाकाल्यावची, म्हणजे खारवून वाळवलेल्या कॉड माशाची जुनी दुकानं आहेत. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथून जात होतो आणि आई रस्त्यातच थांबली. तो वास! वसईच्या पाचूबंदरला सुकत घातलेल्या मासळीचा. आत गेलो तर फळ्यांसारखे कडक, पांढरे मासे लाकडाच्या थप्पीसारखे रचलेले. दुकानदाराने एक उचलला, यंत्राच्या करवतीवर धरला आणि त्याचे तुकडे पाडले, मिठाचा भुगा उडाला. आईने तुकडा हातात घेऊन वाकवून बघितला, नाकाशी नेला, परत केला, दुसरा मागितला. दुकानदार समजला, माल ओळखणारं गिऱ्हाईक आहे. त्याने आतून जाडसर तुकडे आणले. एक किलो घेतलं, त्याने हवा काढून पिशवी बंद करून दिली, बॅगेत वास आला नाही.

आइंडहोवनला परतल्यावर आईने ते दोन दिवस पाण्यात भिजवलं, पाणी चार-पाच वेळा बदललं, आणि वसईच्या मसाल्यात चिंचेचा कोळ घालून केलं. मांस घट्ट आणि पांढरंशुभ्र, पापुद्रे सुटणारं. रस्सा मात्र किंचित खारट झाला. "जाड तुकडा आहे, तीन दिवस ठेवायला हवा होता," आई म्हणाली आणि वहीत सतरा शब्दांच्या खाली तेही लिहून ठेवलं.